पूर्ण लॉट रद्द

चेकिंगच्या कामात बोलावं लागत नाही, म्हणून मला ते आवडलं. कानाला हेडफोन लावायचा, कॅसेट ऐकायची आणि चिठ्ठी लिहायची. चिठ्ठीवर जागाच एवढीशी असायची की चौथी शिकलेलं माणूसही ती आरामात भरून टाकेल. 'ओके' किंवा 'रद्द', त्याचं कारण आणि खाली चेकरचा नंबर. माझा नंबर सात होता. नाव लिहायची पद्धत नव्हती आणि मला ते बरंच वाटायचं.

आमच्या आचोळ्याच्या सोसायटीचा दिवाळी अंक निघतो. यंदा सेक्रेटरीबाई जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, "रंजनाताई, इतकी वर्षं फॅक्टरीत काढलीत, लिहा की काहीतरी." मी नुसती मान हलवली आणि वर आले. अंकाला देईन असं वाटत नाही. पण वही काढलीच आहे तर लिहून ठेवते. गेल्या वर्षीची गोष्ट मनातून जात नाही.

कॅसेट वाजवणाऱ्याला ती भरतात कशी ते माहीत नसतं. टेप येते मोठ्या चकतीवर, जेवायच्या ताटाएवढ्या. त्या चकतीवर तीच गाणी पुन्हा पुन्हा, एकामागे एक भरलेली असतात. दुसरीकडे रिकाम्या कॅसेटी असतात, त्यांच्या पोटात फक्त बोटभर पांढरी पट्टी. भरायचं मशीन ती पट्टी मधोमध कापतं, तिला टेपचं टोक चिकटवतं आणि भर्रकन टेप आत गुंडाळतं. गाणी संपली की टेप कापून दुसऱ्या टोकाला जोडतं. एका चकतीतून सत्तरेक कॅसेटी निघतात. मग त्या आमच्या टेबलावर यायच्या. नियम असा, की दहातली एक ऐकायची, पण ती दोन्ही बाजूंनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

आवाजाचे आजार तीन. बसतो, हेलकावतो आणि फाटतो. बसणं म्हणजे मधेच बारीक होणं. हेलकावणं म्हणजे गाणारा होडीत उभा राहून गातोय असं वाटणं. आणि फाटणं म्हणजे नवं कापड टर्रकन फाडावं तसा आवाज येणं. फाटला की रद्द, त्यात विचार करायचा नाही, असं आमचे सुपरवायझर सामंत साहेब सांगायचे. रद्द झालेल्या कॅसेटी पुसायच्या मशीनवर जायच्या आणि त्यांच्यात दुसरं काही भरलं जायचं.

एकदा अर्नाळ्याकडच्या एका भजनीबुवांची कॅसेट आली. ऐन अभंगात बुवांना खोकला आला होता. मी लिहिलं, 'खोकला. रद्द.' बुवा स्वतः फॅक्टरीत आले आणि म्हणाले, "कुनी केला माझा खोकला रद्द? ठेव बाय तो तसाच. लोकांना कळू दे, मीच गायलो म्हनून." खोकला राहिला आणि कॅसेट खूप चालली. दुसऱ्यांदा एका क्लासवाल्या मास्तरांनी पाढ्यांची कॅसेट काढली. त्यात ते सतरा साते एकशे सतरा म्हणाले होते. मी लिहिलं, 'सतरा साते चुकलं. रद्द.' सामंत साहेब ती चिठ्ठी घेऊन सगळ्या फॅक्टरीभर फिरले. "नंबर सातच्या कानातून मुंगी सुटायची नाही," असं ते मालकांना म्हणाले. मी खाली बघत राहिले, पण त्या दिवशी घरी जाताना मला उंच झाल्यासारखं वाटत होतं. कानाचा गर्व होतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

पुढे सीडी आली, मग तीही गेली. फॅक्टरी बंद झाली. त्या गाळ्यात डब्यांची झाकणं बनू लागली आणि मी टिकल्यांची पाकिटं भरायला लागले. सोळा वर्षं टिकल्या मोजल्या. एक दिवस सामंत साहेबांचा पुतण्या निलेश घरी आला. जुनी मशीनं भंगारात जात होती, ती त्याने उचलली होती आणि वसई पूर्वेला छोटा गाळा घेतला होता.

"मावशी, कॅसेट परत आलीय."

"कोन घेतो आता कॅसेट?"

"पोरं घेतात. वाजवायला मशीन नसतं त्यांच्याकडे, तरी घेतात. तुम्ही या फक्त. चेकिंगला माणूसच मिळत नाही. आजच्या पोरांना कान आहेत, पण बसायला वेळ नाही."

मी गेले. खुर्ची नवी होती, हेडफोन नवा होता, चिठ्ठ्या मात्र तशाच छापून घेतल्या होत्या.

गेल्या वर्षी दिवाळीआधी एका सोमवारी दोघे जण गाळ्यात आले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. एक रेमी, निर्मळ गावचा, वाडीवाला. तो स्कूटरवर पुढे केळ्यांचा फणा ठेवून आला होता. तो फणा त्याने माझ्या टेबलावर ठेवला. "घरची आहेत काकू, घ्या." दुसरा संदेश, चंदनसारला राहणारा, विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारा. इस्त्रीचा शर्ट, पुढे टक्कल. हे दोघे आणि आणखी दोघे मिळून त्यांचा बँड होता. नाव 'मिठागर'. रेमी गिटारवाला आणि संदेश गाणारा.

"हार्डकोर पंक," निलेशने मला समजावलं. "म्हणजे मावशी, जोरात, फास्ट आणि रागात."

"कोणावर राग?"

"सगळ्यांवर," संदेश म्हणाला आणि हसला. रागावणारा माणूस वाटत नव्हता.

बावीस वर्षांपूर्वी बँड मोडला होता. आता पुन्हा एकत्र येऊन त्यांनी बारा गाणी केली होती. बारा गाणी मिळून एकवीस मिनिटं. त्या रविवारी संध्याकाळी वसईच्या एका हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता आणि त्याचं तिकीट म्हणजेच कॅसेट. हॉलमध्ये माणसं तीनशे आणि कॅसेटी तीनशे. लोकांनी नावं देऊन ठेवली होती. दारात कॅसेट हातात द्यायची आणि आत सोडायचं. एक कमी पडली तरी एक माणूस बाहेर.

त्यांनी छापून आणलेली कव्हरं मला घडी घालायला दिली. मी गठ्ठा सोडला आणि हात तिथेच थांबला.

कव्हरवर चित्र नव्हतं. एका जुन्या चिठ्ठीचा फोटो होता. 'मास्टर खराब. आवाज फाटलेला. पूर्ण लॉट रद्द. चेकर नं. ७.'

अक्षर माझं होतं. रद्दमधले दोन द मी एकावर एक काढते, शाळेत बाईंनी तसेच शिकवले होते. कॅसेटचं नावही तेच होतं, 'पूर्ण लॉट रद्द'.

निलेश तेव्हा लहान होता. त्याला माझा नंबर माहीत असायचं कारण नव्हतं. त्याने विचारलं, "ही चिठ्ठी कसली?"

"आमची श्रद्धांजली," संदेश म्हणाला.

रेमीने सांगितलं. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी पहिली कॅसेट काढली. रेकॉर्डिंग रेमीने घरी बसून जुळवलं होतं. फॅक्टरीत पाचशेची ऑर्डर दिली. ठरलेल्या दिवशी कॅसेटी आल्या नाहीत. मास्टर, म्हणजे मूळ टेप, परत आली आणि तिला ही चिठ्ठी लावलेली. संदेशला वाटलं, रेमीनेच रेकॉर्डिंग बिघडवलं. रेमी म्हणाला, नाही बिघडवलेलं, तसंच आहे ते, तसंच पाहिजे. दोघे फॅक्टरीत गेले. तिथला सुपरवायझर म्हणाला, आमच्या चेकरचा कान चुकत नाही. "हा माणूस फॅक्टरीच्या दारातच मला म्हणाला, फॅक्टरीवाल्यांना पण कळतं, तुलाच कळत नाही," रेमीने संदेशकडे बोट दाखवलं. "मी गिटार घेतली आणि निर्मळला गेलो. बावीस वर्षं बोललो नाही याच्याशी. चिठ्ठी मात्र गिटारच्या पेटीत ठेवली."

"आता आठवलं की हसू येतं," संदेश म्हणाला. पण तो हसला नाही.

मला सगळं आठवलं. गणपतीआधीचे दिवस होते. आरत्यांच्या कॅसेटींचे डोंगर लागले होते. त्यात हा लॉट आला. हेडफोन लावला तर कानात कोणीतरी पत्रे ओढत होतं. मी एक गाणं ऐकलं, दुसरं अर्धं ऐकलं आणि हेडफोन काढला. दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हा नियम मी इतर कशासाठीही मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला आणि चिठ्ठी लिहिली. मग ऑफिसच्या काचेपलीकडे दोन पोरं भांडताना दिसली. सामंत साहेबांनी दार उघडून लांबूनच विचारलं, "नंबर सात, नक्की ना?" मी मान हलवली. मान हलवायला बोलावं लागत नाही. त्यानंतर पाचशे कॅसेटी पुसल्या गेल्या आणि त्यांच्यात आरत्या भरल्या.

तेव्हा मी गप्प राहिले, कारण मला माहीत नव्हतं. सोमवारी माहीत असूनही गप्प राहिले. संध्याकाळपर्यंत माझ्याच अक्षराला मी माझ्याच हाताने तीनशे वेळा घडी घातली.

रात्रीत एक ठरवलं. ही कॅसेट चुकू द्यायची नाही. पण ते करायचं कसं? ज्या आवाजात सगळंच फाटलेलं, त्यात चूक शोधायची कुठे? मंगळवारी रेमी टेप द्यायला आला तेव्हा मी त्याला विचारलं. पाहुण्या माणसाला मी आपणहून प्रश्न विचारला, याचं निलेशला इतकं नवल वाटलं की तो चहा ओतायचा थांबला.

"यातलं मुद्दाम केलेलं कुठलं आणि बिघडलेलं कुठलं, ते मला दाखवाल का?"

रेमी खुर्ची ओढून बसला. दोघांनी एकेक हेडफोन लावला. "काकू, आमचं फाटणं सारखं असतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचं. आणि चूक मधेच येते, मधेच जाते. डाव्या कानात मी. उजवीकडे जाड तारांची गिटार. मधे संदेश बोंबलतोय आणि मागे ड्रम. चौघांना चार ठिकाणी बसवा डोक्यात. कोणी उठून गेला की कळेल तुम्हाला."

त्याने सांगितलं तसं मी चौघांना बसवलं. पहिल्यांदा ऐकताना डोकं दुखलं. दुसऱ्यांदा गाणी मोजता आली. पाचव्यांदा कुठल्या गाण्यानंतर कुठलं येतं ते कळायला लागलं. सहाव्यांदा सातव्या गाण्यातले शब्द सुटे झाले. संदेश ओरडत होता, "आमचं पानी कुनी नेलं, आमचं मीठ कुनी नेलं." माझ्या माहेरी असंच बोलतात. माझे वडील मिठागरावर मीठ ओढायचे. त्या मिठागरावर आता सात माळ्यांच्या इमारती आहेत. वडील असं ओरडले असते तर कसे दिसले असते, हे मी पहिल्यांदाच मनात आणून बघितलं. ते कधी ओरडले नाहीत. आमच्या घरात कोणीच ओरडत नाही.

बुधवारी आणि गुरुवारी मशीन चाललं. चकत्या पाच होत्या, त्यातली शेवटची उरलीसुरली, वीसेक कॅसेटींची. पहिल्या दोन चकत्यांच्या कॅसेटी चोख निघाल्या. तिसऱ्या चकतीतली एक ऐकत होते. पहिली बाजू ठीक. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या गाण्यात डावा कान एकदम रिकामा झाला. रेमी उठून गेला होता. निमिषभर, आणि परत आला. पुढच्या गाण्यात पुन्हा गेला.

मी त्याच चकतीतल्या आणखी सहा ऐकल्या. सहाच्या सहांत तेच, जागा मात्र वेगवेगळ्या. उरलेली टेप दिव्याखाली धरली, तर एक कड लाटेसारखी झाली होती. चकती रॅकच्या खालच्या फळीवर उभी ठेवली होती आणि पावसाळ्यात तिथे ओल चढली होती. टेपच्या एका कडेला पहिली बाजू असते आणि दुसऱ्या कडेला दुसरी, त्यातही अगदी काठावर डावा कान. म्हणून एक बाजू चांगली आणि दुसरीचा एकच कान आजारी.

निलेशने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मावशी, मला तर काही कळलंच नाही. या कल्ल्यात कोणाला कळणार?"

"ज्याची गिटार आहे त्याला."

"तीन दिवसांवर रविवार आहे. सत्तर कॅसेटी गेल्या यात. उद्या ते न्यायला येतायत."

मी चिठ्ठी लिहून त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती उचलली नाही. "ही चिठ्ठी मी त्यांच्या हातात देणार नाही. कव्हर बघितलंत ना तुम्ही? तुम्हीच सांगा त्यांना. तोंडाने."

शुक्रवारी सकाळी दोघे आले. संदेश रजा टाकून आला होता, हातात मोठ्या दोन पिशव्या. मी उभी राहिले. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. "सत्तर कॅसेटी रद्द कराव्या लागतील."

संदेशने पिशव्या खाली ठेवल्या. "परत?"

तो रेमीकडे बघून पुन्हा माझ्याकडे वळला.

"काकू, सत्तर माणसं दारात उभी राहणार. काही पुण्याहून येतायत. बावीस वर्षांनी एकदा स्टेजवर चढतोय, आणि परत तेच? साउंड फाटलाय का आमचा?"

"नाही," मी म्हणाले. "फाटायला पाहिजे तिथे फाटत नाहीये."

रेमीने माझ्याकडे बघितलं. संदेश मात्र ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. "तेव्हा पण असंच एका चेकरने सांगितलं होतं. पूर्ण ऐकलं तरी होतं की नाही, देव जाणे."

"नव्हतं ऐकलं," मी म्हणाले.

"काय?"

"दीड गाणं ऐकलं होतं. नंबर सात मीच."

मागे मशीन रिकामंच फिरत होतं. निलेशने जाऊन ते बंद केलं. मला वाटलं होतं, सांगितलं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. पण बसायचं नाही असं ठरवलं होतं. मी हेडफोन उचलून रेमीपुढे धरला. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुम्ही ऐका. दुसरी बाजू, तिसरं गाणं."

रेमी ऐकत राहिला. डोळे मिटले होते. मग त्याने डावा हात वर केला आणि पुन्हा खाली घेतला. थोड्या वेळाने पुन्हा वर केला. टेप मागे घेतली आणि हेडफोन संदेशच्या डोक्यावर ठेवला. "ऐक. मी नाहीये यात."

संदेशने ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. हेडफोन काढला आणि रेमीला म्हणाला, "हां. गेलायस."

"बावीस वर्षांपूर्वी असं ऐकलं असतंस तर?"

"तेव्हा तू हेडफोन दिला होतास का? गिटार घेऊन निघालास."

"तू शिवी दिलीस म्हणून निघालो."

"शिवी दिली होती का मी?"

"दोन."

मग संदेश माझ्याकडे वळला. "काकू, एक सांगतो. त्या वेळचं मी तुम्हाला माफ-बिफ करत नाही हां. बावीस वर्षं गेलीत आमची. त्यातली थोडी तुमच्यामुळे." जरा थांबून म्हणाला, "बाकीची आमच्या दोघांमुळे. ते घरी भांडू. या सत्तर होतील का रविवारपर्यंत?"

"होतील," मी म्हणाले. होतीलच याची मलाही खात्री नव्हती. पण मान हलवण्यापेक्षा ते बरं वाटलं.

निलेशकडे शिलकीत एकच चकती उरली होती. शनिवारी सकाळी मी तिचं प्लास्टिक उघडलं, दिव्याखाली तिची कड बघितली आणि नखाने हळूच चाचपली. सरळ होती. तिच्यावर गाणी भरली. जुनं मशीन दर दहा कॅसेटींनंतर टेपचं टोक सोडत होतं. तिथे मी हाताने जोड दिला, पूर्वी द्यायचो तसा, अर्ध्या टिकलीएवढी चिकटपट्टी आणि वरून नख. टिकल्यांच्या सोळा वर्षांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. दहातली एक ऐकायचा नियम होता, मी पाचातली एक ऐकली. दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

रविवारी सकाळी रेमी येऊन दुसरा हेडफोन लावून बसला. दुपारी संदेश आला. जुना काळा टी-शर्ट घातला होता, पोटावर ताणलेला, त्यावर बँडचं नाव पुसट झालेलं.

"शर्ट बदल," रेमी म्हणाला. "पहिल्याच गाण्यात फाटेल."

"फाटू दे. आज सगळं चालतं," संदेश म्हणाला, आणि खाली बसून कव्हरं कॅसेटींच्या डब्यांत घालायला लागला. त्याचं काम बेताचं होतं, कव्हरं वाकडी बसत होती. मी त्याच्या पुढ्यातून डबे घेऊन पुन्हा सरळ केले.

शेवटची कॅसेट ऐकली तेव्हा चार वाजले होते. मधे संदेश, मागे ड्रम, उजवीकडे जाड तारा, डावीकडे रेमी. एकही जण उठला नाही. मोजून तीनशे झाल्या आणि पिशव्या भरल्या.

सवयीने मी चिठ्ठी ओढली आणि लिहिली. नंबरच्या रकान्यापाशी जरा थांबले. आता चेकर मी एकटीच आहे, नंबर कसला लिहायचा? मग तिथे दुसरं काही लिहिलं आणि चिठ्ठी संदेशला दिली.

त्याने ती वाचली. खिशात ठेवेल असं वाटलं, पण त्याने ती माझ्याकडे परत केली. "अशी नको काकू. चिठ्ठीचा आमचा अनुभव चांगला नाही. मोठ्याने वाचा."

तिघेही थांबले होते. निलेशने पंखा बंद केला.

मी वाचलं, "आवाज फाटलेला आहे. तसाच पाहिजे. पूर्ण लॉट पास."

खाली नाव होतं, तेही वाचलं.